‘९८ टक्के अचूक’ म्हणजे नेमकं काय?

पत्र:

डॉक्टर, माझं वय ४६. माझ्या थोरल्या बहिणीला दोन वर्षांपूर्वी, वयाच्या ५१व्या वर्षी, स्तनाचा कॅन्सर झाला. त्याच्या नऊच महिने आधी तिची मॅमोग्राफी झाली होती आणि रिपोर्ट स्वच्छ होता. उपचार संपले, ती आता बरी आहे. पण ‘तिथलं मशीन जुनं होतं, मी दुसरीकडे जायला हवं होतं’ हे तिच्या मनातून जात नाही. गेल्या वर्षी मीही पहिल्यांदा मॅमोग्राफी केली. रिपोर्टमध्ये ‘स्तन दाट, संशयास्पद काही नाही’ असं लिहिलंय. यंदा पुन्हा करायची आहे आणि दोन केंद्रांतून एक निवडायचं आहे. एकाच्या माहितीपत्रकात ‘सीआर डिजिटल, ५० मायक्रॉन रिझोल्यूशन’ असं आहे, दुसऱ्याच्या पत्रकात ‘थ्रीडी डिजिटल, ९८ टक्के अचूक’. मी स्वतः वाचायला बसले, तर एका अभ्यासात डिजिटल मॅमोग्राफी ८७ टक्के कॅन्सर पकडते आणि दुसऱ्यात जेमतेम ६०. एकाच तपासणीच्या आकड्यांत एवढा फरक कसा? मी विश्वास कशावर ठेवू? आणि ताईला काय सांगू?

उत्तर:

तुमच्या निवडीपुरतं आधी सांगून टाकते. दुसऱ्या केंद्रात जा. मात्र त्या ९८ टक्क्यांकडे बघून जाऊ नका, कारण त्या आकड्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं नाही. सीआर, म्हणजे कॅसेटवर प्रतिमा घेणारी पद्धत, टाळायला सबळ कारण आहे आणि तुमचं वय व दाट, म्हणजे ग्रंथींच्या ऊती जास्त असलेले, स्तन पाहता ते तुम्हाला जास्तच लागू पडतं. शिवाय जाण्याआधी त्या केंद्राला फोन करून दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. त्या यंत्राच्या माहितीपत्रकात कधीच छापलेल्या नसतात आणि माझ्या मते यंत्राइतक्याच मोलाच्या आहेत.

आता ९८ टक्क्यांबद्दल. कसलाही त्रास नसलेल्या हजार बायका तपासणीला आल्या असं धरा. त्यांच्यापैकी साधारण सहा जणींना त्या वर्षात कॅन्सर असल्याचं निष्पन्न होईल. समजा, मी एकही प्रतिमा न उघडता हजारही जणींना ‘सगळं ठीक’ असं लिहून दिलं. माझे ९९४ रिपोर्ट बरोबर ठरतील, म्हणजे मी ९९.४ टक्के अचूक. आणि ज्या सहा जणींसाठी ही सगळी यातायात होती, त्या सहाही सुटल्या. म्हणून स्क्रीनिंगमध्ये, म्हणजे त्रास नसताना केलेल्या अशा तपासणीत, ‘इतके टक्के अचूक’ असा एकटा आकडा कुणी पुढे केला, तर तो बाजूला ठेवावा. तो सांगणाऱ्याला एक तर विषय कळलेला नाही किंवा तुम्हाला तो कळू नये असं वाटतंय.

विचारायचे प्रश्न दोन असतात. खरोखर कॅन्सर असलेल्यांपैकी किती जणी पकडल्या? याला संवेदनशीलता म्हणतात. आणि कॅन्सर नसलेल्यांपैकी किती जणींना विनाकारण परत बोलावलं नाही? ही विशिष्टता. दोन्ही आकडे एकाच वेळी, एकाच गटातले हवेत. त्यातला एकच सांगणं म्हणजे तराजूचं एक पारडं झाकून वजन दाखवणं.

तुम्ही वाचलेले ८७ टक्के बहुधा अमेरिकेच्या स्तन-कॅन्सर निगराणी गटाच्या आकडेवारीतले असावेत. २००७ ते २०१३ या काळातल्या जवळजवळ १७ लाख डिजिटल तपासण्यांचा हा हिशेब २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात संवेदनशीलता ८६.९ टक्के आणि विशिष्टता ८८.९ टक्के होती. हे आपल्या हजार बायकांवर बसवून पाहू. सहापैकी पाच कॅन्सर सापडतात, एक सुटतो आणि सुमारे ११० निरोगी बायकांना आणखी प्रतिमा, सोनोग्राफी किंवा बायोप्सीसाठी परत बोलावलं जातं. म्हणजे परत बोलावलेल्या दर शंभर जणींपैकी चार-पाच जणींनाच कॅन्सर निघतो. तुम्हाला उद्या असं बोलावणं आलं तर रात्रभर जागी राहण्याआधी हे प्रमाण आठवा, एवढ्यासाठी ते मुद्दाम मांडलं.

मग ६० टक्के कुठून आले? स्वीडनमधल्या मालमो शहरात १४,८४८ बायकांवर एक अभ्यास झाला. तिथे प्रत्येकीची नेहमीची डिजिटल मॅमोग्राफी आणि टोमोसिंथेसिस, म्हणजे ज्याला आपण थ्रीडी म्हणतो ती तपासणी, अशा दोन्ही झाल्या. साध्या डिजिटलची संवेदनशीलता निघाली ६०.४ टक्के आणि टोमोसिंथेसिसची ८१.१. मग स्वीडनमधली यंत्रं अमेरिकेतल्यांपेक्षा वाईट का? मुळीच नाही. फरक पडला तो ‘किती सुटले’ हे मोजण्याच्या रीतीत. अमेरिकेच्या हिशेबात सुटलेला कॅन्सर म्हणजे पुढच्या वर्षभरात गाठ होऊन किंवा दुसऱ्या एखाद्या तपासणीत वर आलेला. जो सुटला पण वर्षभरात वर आलाच नाही, तो सुटल्याचं कुणाला कळलंच नाही. त्याची नोंद कुठे होणार? मालमोमध्ये शेजारी दुसरी तपासणी उभी होती. पहिलीने जे सोडलं ते दुसरीने तिथेच पकडलं आणि ते सगळे कॅन्सर पहिलीच्या नावावर चूक म्हणून लागले. घोटाळा कुठेच नाही, तपासणी तीच आहे आणि मोजमापाचा छेद तेवढा बदलला. म्हणून दोन वेगळ्या अभ्यासांतले आकडे उचलून एकमेकांशेजारी ठेवले तर त्यातून यंत्रांबद्दल काहीच कळत नाही. तुलना खरी तेव्हाच होते, जेव्हा त्याच बायका, तोच पाठपुरावा आणि तीच मोजपट्टी असते.

डिजिटल मॅमोग्राफीच्या बाबतीत अशी तुलना नेटाने झाली, ही या क्षेत्राच्या श्रेयाची गोष्ट आहे. २००१ पासून अमेरिका आणि कॅनडातल्या ३३ केंद्रांत ४९,५२८ बायका एका अभ्यासात सामील झाल्या. डॉ. एटा पिझानो त्याच्या प्रमुख होत्या आणि निष्कर्ष २००५ मध्ये आले. प्रत्येकीची फिल्मवरची आणि डिजिटल अशा दोन्ही मॅमोग्राफी झाल्या आणि दोन वेगळ्या रेडिओलॉजिस्टनी त्या स्वतंत्रपणे वाचल्या. एकीने काय पाहिलं ते दुसरीला ठाऊक नव्हतं. सगळ्या बायका मिळून पाहिलं तर दोन्ही पद्धती जवळपास सारख्याच ठरल्या. पण पन्नाशीच्या आतल्या, दाट स्तनांच्या आणि पाळी सुरू असलेल्या किंवा जेमतेम थांबत आलेल्या बायकांत डिजिटल स्पष्टपणे सरस ठरली.

हे सरसपण त्यांनी कसं मोजलं, ते समजून घेण्यासारखं आहे. कुठलीही प्रतिमा वाचताना माझ्या मनात संशयाची एक पायरी असते. ती खाली आणली, बारीकसारीक गोष्टीलाही परत बोलावलं, तर माझी संवेदनशीलता वाढते आणि विशिष्टता घसरते. पायरी वर नेली की उलट. म्हणजे यंत्र न बदलताही वाचणारी व्यक्ती आपला एक आकडा हवा तसा फुगवू शकते. हे टाळायचं तर पायरी खालपासून वरपर्यंत सरकवत नेऊन प्रत्येक ठिकाणचे दोन्ही आकडे एका आलेखावर मांडतात आणि त्या वक्राखालचं क्षेत्रफळ काढतात. नाणेफेक केली तर ०.५ येतं, एकही चूक नसेल तर १. पन्नाशीच्या आतल्या बायकांत फिल्मचं क्षेत्रफळ ०.६९ आलं आणि डिजिटलचं ०.८४. कोणत्याही एका पायरीवर फार काही टांगलेलं नाही, म्हणून यंत्रांची तुलना करताना माझा या मोजपट्टीवर भरवसा आहे.

त्या अभ्यासात वेगवेगळ्या कंपन्यांची डिजिटल यंत्रं होती. पुढे कंपनीनिहाय प्रतिमा वेगळ्या काढून पुन्हा वाचल्या, तेव्हा कुठल्याच कंपनीचं यंत्र फिल्मच्या तुलनेत ठळकपणे चांगलं किंवा वाईट दिसलं नाही. त्यांत सीआर पद्धतीचं यंत्रही होतं. इथे पुष्कळ जण घसरतात आणि म्हणतात, ‘बघा, सगळी यंत्रं सारखीच.’ पण जरा हिशेब करा. एखाद्या कंपनीच्या वाट्याला ५० कॅन्सर आले आणि तिच्या यंत्राने त्यातले ४३ पकडले, तर संवेदनशीलता ८६ टक्के. एवढ्या थोड्या संख्येवरून खरं मूल्य ७४ ते ९३ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं, इतकंच म्हणता येतं. एवढ्या रुंद पट्ट्यात दोन यंत्रांतला दहा टक्क्यांचा खरा फरकही लपून जातो. फरक दिसला नाही, याचा अर्थ फरक नाही असा होत नाही. स्क्रीनिंगमध्ये कॅन्सर हजारात पाच-सहाच सापडतात, त्यामुळे यंत्राचा खरा कस लावायला लाखाच्या घरात तपासण्या लागतात.

अशी संधी कॅनडाच्या ओंटॅरिओ प्रांतात मिळाली. तिथल्या स्क्रीनिंग कार्यक्रमात २००८-०९ च्या सुमारास तिन्ही तऱ्हा एकाच वेळी चालू होत्या. फिल्म होती, सीआर होती आणि डीआर, म्हणजे थेट डिजिटलही होती. ५० ते ७४ वयाच्या काही लाख बायकांचा हिशेब २०१३ मध्ये आला. दर हजारी सापडलेले कॅन्सर असे होते: फिल्मवर ४.८, थेट डिजिटलवर ४.९ आणि सीआरवर ३.४. एकाच प्रांतातला, एकाच कार्यक्रमातला फरक हा. त्यानंतर प्रांताने सीआर यंत्रं काढून त्या जागी थेट डिजिटल आणायचं ठरवलं. ही माहिती मी पहिल्यांदा वाचली तेव्हा सीआरवर तपासलेल्या बायकांचे चेहरे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात. त्यांच्या रिपोर्टवरही ‘डिजिटल मॅमोग्राफी’ असंच लिहिलेलं असायचं.

तुमच्या हातातल्या पहिल्या पत्रकाचं मर्म इथे आहे. सीआरमध्ये जुन्या फिल्मसारखीच एक कॅसेट असते. तिच्यातल्या फॉस्फरच्या पत्र्यावर क्ष-किरणांची ऊर्जा साठते. मग ती कॅसेट वेगळ्या यंत्रात घालून लेझरने वाचतात. त्या वाचनात लेझरचा प्रकाश पत्र्यात पसरतो, साठलेल्या ऊर्जेतला काही भाग गळून जातो आणि खरखर वाढते. थेट डिजिटलमध्ये डिटेक्टर यंत्रातच बसवलेला असतो. काही यंत्रांत सेलेनियमचा थर क्ष-किरणांचं सरळ विद्युतभारात रूपांतर करतो, काहींत सिझियम आयोडाइड आधी त्यांचा प्रकाश करतं आणि मग त्याचा विद्युतभार होतो. दोन्ही प्रकार चांगले चालतात, त्यांच्यात डावं-उजवं करत बसू नका.

आणि ते ५० मायक्रॉन? आकडा खरा असेल. सीआरच्या प्रतिमेचे ठिपके ५० मायक्रॉनचे असतात, तर बहुतेक थेट डिजिटल यंत्रांत ७० ते १०० मायक्रॉनचे. कागदावर सीआर सर्वांत बारीक दिसते आणि ओंटॅरिओत तीच मागे पडली! फिल्मची बारकावे दाखवण्याची ताकद तर या सगळ्या डिजिटल यंत्रांपेक्षा जास्त होती, तरी दाट स्तनांत डिजिटलने तिला मागे टाकलं. दाट स्तनात अडचण बारीक ठिपक्यांची नसतेच. ग्रंथींच्या ऊती पांढऱ्या दिसतात आणि गाठही पांढरीच दिसते. पांढऱ्यावरचं पांढरं वेगळं काढायला उजेड-अंधारातला सूक्ष्म फरक टिपणारा डिटेक्टर लागतो आणि आलेल्या क्ष-किरणांपैकी किती कामी लागले याला महत्त्व येतं. म्हणून मायक्रॉनच्या जाहिरातीला भुलू नका.

थ्रीडीकडे वळते. टोमोसिंथेसिसमध्ये क्ष-किरणांची नळी कमानीत फिरते, स्तनाच्या अनेक प्रतिमा घेते आणि संगणक त्यांतून पातळ पातळ थर उभे करतो. एकावर एक पडलेल्या ऊती सुट्या होतात. अमेरिकेत २०११ मध्ये तिला पहिली परवानगी मिळाली. ओस्लोमध्ये १२,६३१ बायकांत दर हजारी सापडलेले कॅन्सर ६.१ वरून ८.० वर गेले. अमेरिकेतल्या १३ केंद्रांच्या साडेचार लाखांहून अधिक तपासण्यांत, टोमोसिंथेसिस जोडल्यावर, दर हजारी परत बोलावणं १०७ वरून ९१ वर उतरलं आणि सापडलेले कॅन्सर ४.२ वरून ५.४ वर चढले. दोन्ही पारडी एकाच वेळी सुधारणं ही या क्षेत्रात दुर्मीळ गोष्ट आहे. पण सगळीकडे असं झालेलं नाही. नॉर्वेतल्याच बर्गन शहरात चिठ्ठ्या टाकल्यासारखं यादृच्छिक वाटप करून २८,७४९ बायका तपासल्या, तेव्हा टोमोसिंथेसिसने हजारी ६.६ आणि साध्या डिजिटलने ६.१ कॅन्सर सापडले. हा फरक योगायोगापलीकडचा मानता येत नाही. परत बोलावणं मात्र तिथेही कमी झालं. म्हणून थ्रीडी मिळत असेल, तर तुमच्यासारख्या दाट स्तनांच्या बाईने जरूर घ्यावी. मिळाली नाही आणि चांगली थेट डिजिटल मिळाली, तरी जीव टांगणीला लावू नये.

आणखी एका गोष्टीची जाणीव देते, ती वाचायला सुखाची नाही. जास्त कॅन्सर सापडणं म्हणजे आपोआप जास्त जीव वाचणं नव्हे. काही कॅन्सर इतके संथ असतात की त्यांनी जन्मभर त्रास दिला नसता. खरी परीक्षा असते ती दोन तपासण्यांच्या मधल्या काळात उपटणारे कॅन्सर कमी झाले का, ही. टोमोसिंथेसिसने ते कमी झाल्याचं मालमोत दिसलं, इतर काही ठिकाणी दिसलेलं नाही. ही परीक्षा अजून चालू आहे.

आता ज्यासाठी मी एवढी लांबण लावली तो भाग. आकड्यांच्या या सगळ्या चर्चेत ‘यंत्राची अचूकता’ असा शब्द येतो, पण यंत्र कॅन्सर पकडत नाही. यंत्र प्रतिमा काढतं. तुमच्या स्तनाला पट्टीवर बसवते ती तंत्रज्ञ बाई आणि प्रतिमेकडे पाहून ‘इथे काहीतरी आहे’ म्हणतो तो रेडिओलॉजिस्ट. फिल्मच्या काळातल्या एका अमेरिकी अभ्यासात स्तन नीट बसवलेल्या प्रतिमांमध्ये संवेदनशीलता ८४ टक्के होती, नीट न बसवलेल्यांत ६६. ही दरीही मोठी आहे, आणि ती माणसाच्या हातांची आहे. छातीचा स्नायू प्रतिमेत पुरेसा खाली आला नाही, तर काखेकडचा भाग बाहेर राहतो. जो भाग प्रतिमेत आलाच नाही, तो जगातलं कुठलंच यंत्र दाखवू शकत नाही.

वाचणाऱ्यांतला फरकही तसाच. त्याच प्रतिमा वेगवेगळ्या रेडिओलॉजिस्टना दिल्या तर त्यांच्या उत्तरांत केवढी तफावत पडते, हे १९९० च्या दशकापासून वारंवार दिसलेलं आहे. त्यामुळे ब्रिटनच्या स्क्रीनिंग कार्यक्रमात वाचणाऱ्याने वर्षाला किमान ५,००० मॅमोग्राम वाचावेत अशी अपेक्षा असते आणि प्रत्येक प्रतिमा दोघे वाचतात. अमेरिकेत कायद्याने किमान मर्यादा दोन वर्षांत ९६० एवढीच आहे. मी ब्रिटनच्या बाजूची आहे. उमेदवारीच्या दिवसांत मी एका ठिकाणी वाचायला बसत असे. तिथे जुन्या प्रतिमा मागवायची पद्धत नव्हती. एका बाईंच्या डाव्या स्तनात ऊतींची किंचित ओढ दिसत होती. स्तनाची ठेवणच तशी असेल, असं समजून मी पुढे गेले. संध्याकाळी त्यांच्या मुलीने घरी सापडलेली तीन वर्षांपूर्वीची फिल्म आणून दिली. जुन्या फिल्मवर ती ओढ नव्हती. मी रिपोर्ट बदलला, बायोप्सी झाली आणि तो कॅन्सरच निघाला. ती फिल्म आली नसती तर माझी चूक मला कधीच कळली नसती. त्या दिवसापासून जुन्या प्रतिमा शेजारी नसतील तर माझा हात रिपोर्टवर सही करायला धजत नाही.

म्हणून फोनवर विचारायचं ते हे. मॅमोग्राम कोण वाचतं आणि ती व्यक्ती आठवड्याला साधारण किती वाचते? दुसरं कुणी पुन्हा वाचतं का? गेल्या वर्षीच्या प्रतिमा, म्हणजे नुसता कागदी रिपोर्ट नव्हे तर डिस्कवरच्या मूळ प्रतिमा, आणल्या तर शेजारी लावून बघतील का? यंत्राची गुणवत्ता चाचणी नियमित होते का, म्हणजे फँटम नावाच्या ठोकळ्याची प्रतिमा काढून त्यातले धागे, ठिपके आणि गोळे दिसतात का ते तपासतात का? विचारताना संकोचू नका. नीट काम करणाऱ्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही, आणि आला तर तुमचं उत्तर तुम्हाला मिळालं. आपल्याकडे प्रतिमा संगणकावर वाचणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आहे असं कुणी सांगितलं, तर ऐकून घ्या. स्वीडनमधल्या ८० हजार बायकांच्या चाचणीत तिच्या साथीने वाचण्याचं काम ४४ टक्क्यांनी घटलं आणि कॅन्सर मुळीच कमी सापडले नाहीत. पण तिथेही शेवटचा निर्णय माणसाचाच होता.

दाब देताना दुखतं, हे तुम्ही लिहिलं नाहीत, तरी बहुतेक जणींना ते छळतं. पाळी येऊन गेल्यानंतरच्या आठवड्यात वेळ घ्या, तेव्हा स्तन कमी हुळहुळे असतात. दाबामुळे ऊती पसरतात, धूसरपणा जातो आणि किरणांचा डोसही कमी लागतो, म्हणून ती काही सेकंदं सोसण्यात अर्थ आहे. असह्य झालं तर तंत्रज्ञ बाईंना तसं सांगा, त्या थांबतील.

तुमच्या बाबतीत मात्र यंत्राच्या निवडीपेक्षा मोठा एक प्रश्न मला दिसतो. तुमच्या सख्ख्या बहिणीला कॅन्सर झाला आहे. आई, बहीण किंवा मुलगी यांच्यापैकी एकीला असेल, तर स्वतःचा धोका साधारण दुप्पट होतो. त्यात तुमचे स्तन दाट. दाट म्हणजे किती, हेही रिपोर्टमध्ये बघा. अ, ब, क, ड अशा चार पायऱ्या असतात. तुमची पायरी ड, म्हणजे अतिशय दाट असेल, तर नुसत्या मॅमोग्राफीवर विसंबू नका, असं मी नक्की सांगेन. नेदरलँड्समध्ये अशाच बायकांना मॅमोग्राफी स्वच्छ आल्यावर एमआरआय करण्याचं आमंत्रण दिलं. दोन तपासण्यांच्या मधल्या काळातले कॅन्सर नुसत्या मॅमोग्राफीच्या गटात हजारी ५.० होते, आमंत्रण दिलेल्या गटात २.५. एमआरआयही काही निरोगी बायकांना विनाकारण परत बोलावते, आणि प्रत्येकीला ती लागत नाही. पण तुमच्या घराण्याचा इतिहास आणि ती पायरी एकत्र ठेवून एका स्तनरोगतज्ज्ञाने तुमचा धोका मोजायला हवा. तो मोजल्यावर तपासणी दरवर्षी करायची की दोन वर्षांनी, सोबत सोनोग्राफी की एमआरआय, हे ठरेल. आणि मध्येच कधी गाठ लागली, बोंडातून रक्तासारखा स्राव आला किंवा त्वचा ओढली गेल्यासारखी दिसली, तर मागचा रिपोर्ट कितीही स्वच्छ असो, त्याच आठवड्यात दाखवा.

राहता राहिली ताई. नऊ महिन्यांच्या आतल्या त्या गाठीला मधला कॅन्सर म्हणतात आणि अशा मधल्या कॅन्सरच्या जुन्या प्रतिमा परत काढून पाहण्याची पद्धत मोठ्या कार्यक्रमांत आहे. त्यात तीन तऱ्हा आढळतात. काही प्रतिमांत आता मागे वळून पाहिलं तरी काहीही नसतं, आजार नंतर उगवून झपाट्याने वाढलेला असतो. काहींत पुसटशी खूण असते, पण पुढे काय घडलं ते ठाऊक नसलेल्या कुणीही ती ‘ठीक’ म्हणूनच सोडली असती. आणि काहींत ती दिसत असते, पण नजरेतून सुटलेली असते. ताईंच्या बाबतीत यातलं काय झालं, हे यंत्राच्या वयावरून ओळखता येत नाही. त्यांना मनातली टोचणी मिटवायची असेल, तर त्या वेळच्या मूळ प्रतिमा मागवाव्यात आणि केवळ स्तनांचंच वाचन करणाऱ्या रेडिओलॉजिस्टकडून पुन्हा वाचून घ्याव्यात. नको वाटलं, तर नको. दोन्ही त्यांच्या मनावर सोडा. पण एवढं त्यांना माझ्याकडून सांगा की, त्या वेळेवर तपासणीला गेल्या होत्या. त्यांनी करण्यासारखं जे होतं, ते त्यांनी केलं होतं.

आणि ताईंकडे एक काम मात्र तुमचं आहे. त्यांच्या बायोप्सीचा रिपोर्ट मागून घ्या, हार्मोन आणि हर२ (कॅन्सरच्या पेशींवरचं एक प्रथिन) चाचण्यांचे निकाल त्यात असतील. जनुकीय चाचणी झाली असेल तर त्याचा कागदही घ्या. तज्ज्ञांकडे जाताना तुमच्या मॅमोग्राफीच्या डिस्कसोबत तेही घेऊन जा.